इतर गप्पांची खोली

वेंडेलने गॉर्डीची मान मागून धरली आणि त्याचं डोकं गोठलेल्या तळ्याच्या बर्फातल्या भोकात खुपसलं, तेव्हा भोवतीच्या लोकांना वाटलं, मस्करी चाललीय. दोघं-तिघं हसलेही. भाल्याने मासे मारण्यासाठी कापलेलं ते चांगलं रुंद, चौकोनी भोक होतं. गॉर्डीचे बूट बर्फावर थाडथाड आपटायला लागले आणि हसणं बंद पडलं. आर्विड तेवढा आधीपासूनच त्यांच्या दिशेने पळत सुटला होता. आदल्या आठवड्यात वेंडेलने फोरमवर गॉर्डीला काय लिहिलं होतं, ते त्याने वाचलं होतं: "तुझ्या लाडक्या पाण्यात तुलाच बुडवतो." वाचूनही त्याने ते पुसलं नव्हतं.

आर्विडने आयुष्यभर शाळेची बस चालवली. मिनेसोटाच्या उत्तरेला, गोठलेल्या तळ्यांवर मासे धरणाऱ्यांचा इंटरनेटवरचा फोरम त्यानेच काढला आणि अ‍ॅडमिनही तोच. नियम कडक होता, माशांखेरीज चकार शब्द नाही. कुणी निवडणुकीचं काढलं, की आर्विडने उडवलंच. मग त्याची बायको लोर्ना गेली. त्या दिवशी बर्फाच्या जाडीची नोंद करता करता त्याने खाली लिहून टाकलं, "आज बायकोला पुरलं." स्वतःचाच नियम मोडला होता. पण माणसं धावून आली. कुणी लाकडं फोडून दिली, तर कुणी गरम पदार्थाचं भांडं दारात ठेवून गेलं. वेंडेल प्रूट तर रोज येऊन दारातला बर्फ उपसायचा. मग आर्विडने फोरमवर 'इतर गप्पा' नावाची वेगळी खोली उघडली आणि लिहिलं, इथे काहीही बोला.

पुढे तिथे तळ्यांजवळ होऊ घातलेल्या तांब्याच्या खाणीचा विषय आला. वेंडेल खाणीत काम मिळेल म्हणून डोळे लावून बसलेला; गॉर्डी हॉवलंड उन्हाळ्यात होड्या भाड्याने देणारा, पाणी नासलं तर त्याचा धंदा बसला. आधी टोमणे, मग आयाबहिणी. एका सकाळी गॉर्डीची बर्फावरची खोपटी जळून कोळसा झाली. नंतर वेंडेलच्या ट्रकच्या काचा फुटल्या. लोक म्हणाले, "आर्विड, बंद कर बाबा ती खोली." आर्विड म्हणाला, "तिथे भांडतायत तेच बरं. वाफ गेली, की झाकण उडत नाही."

आणि आता झाकण उडालं होतं, ते फोरमच्या वार्षिक मेळाव्यात, सगळ्यांच्या देखत.

"सोड त्याला! वेंडेल, मरेल तो!" आर्विड ओरडला.

"मरू दे! त्याला माझी पोरं उपाशी मेलेली चालतात ना?"

आर्विडने बर्फ फोडायची पहार उचलली. घाव खांद्यावर घालायचा होता. पण वेंडेल वळला, आणि पहार त्याच्या गुडघ्यावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. वेंडेल कोसळला. त्याने आर्विडचा पाय ओढून त्याला खाली पाडलं आणि तोंडावर ठोसे घातले. आर्विडचे समोरचे दात घशात गेले. तरी पहार हातात होतीच. आर्विडने ती पुन्हा उगारली, आणि त्या क्षणी त्याला मारायचंच होतं. गॉर्डीला वाचवण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता. लोकांनी त्याला मागून मिठी मारून धरलं. पलीकडे गॉर्डी पाणी आणि रक्त ओकत पडला होता, कानापासून हनुवटीपर्यंत बर्फाच्या कडेने सोललेला.

गॉर्डी जगला. वेंडेल तुरुंगातून आला तो काठी टेकत. आर्विडवर खटला झाला नाही. उलट लोकांनी त्याची पाठ थोपटली. ती थाप त्याला पोळायची.

खोली त्याने लगेच बंद केली. पण भांडण काही गेलं नाही. कुणी मोठा वॉलआय मासा पकडल्याचा फोटो टाकला, की खाली यायचं, "खा, खाण सुरू होईपर्यंत." गेल्या त्या फक्त चांगल्या गोष्टी. त्या खोलीत नवऱ्याच्या आजारपणाबद्दल लिहिणारी एक बाई आर्विडला फोन करून म्हणाली, "मी कुठे लिहू हो आता? मासे मला धरता येत नाहीत."

 आर्विडने विचार करायला आठवडा घेतला आणि खोली पुन्हा उघडली. खाणीवर बोला म्हणाला. पण माणसाच्या अंगावर जाणारं एक वाक्य दिसलं, की ते तिथल्या तिथे पुसलं जाईल आणि लिहिणारा बाहेर. पुसायचं काम त्याने गॉर्डीच्या बहिणीकडे, इंगाकडे सोपवलं. ती म्हणाली, "तू का नाही करत? फोरम तुझा आहे."

आर्विड नव्या कवळीतून सावकाश बोलला, "मी एकदा वाचून गप्प बसलो, इंगा. आणि नंतर पहार उचलली, ती खाली ठेववत नव्हती. मला अ‍ॅडमिन ठेवू नका."

वेंडेल तुरुंगातून सुटून आला, त्या हिवाळ्यात त्याच्या दारातला बर्फ आर्विड उपसत राहिला. वेंडेल खिडकीतून शिव्या घालायचा. आर्विड ऐकून घ्यायचा आणि फावडं चालवायचा.