बाईंच्या वर्गातला निळा मासा

मंदाकिनीबाईंनी महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला आणि एकाही पोराचं नाव पटावरून काढू दिलं नाही. हे मला ठाऊक आहे, कारण त्या ते आठवड्यातून दोनदा सांगतात. मी खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागतं.

त्यांचा मुलगा आमोद हडपसरला आयटीत. २००५ साली पगार वाढला तशी त्यानं हॉलमध्ये काचेची चार फुटी टाकी आणली, खाऱ्या पाण्याची. समुद्र पुण्यापासून लांब आहे तो लांबच बरा, हे माझं मत कुणी विचारलं नाही. आमोद दिवसभर कंपनीत, म्हणून पाण्यात मीठ कालवण्यापासून माशांना खाणं घालण्यापर्यंत सगळं बाईंच्या गळ्यात पडलं.

टाकीत पहिला मासा आला तो निळा, बोटाएवढा. वर्षभर एकटा राहिला आणि सगळे दगड आपलेच समजू लागला. मग आमोदनं नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आणला. निळ्यानं दोन दिवसांत त्याला कोपऱ्यात कोंबलं, शेपटी कुरतडली, खाण्याजवळ फिरकू दिलं नाही.

"आई, हा फार अ‍ॅग्रेसिव्ह आहे. पंधरा दिवसांनी दुकानदार टाकी साफ करायला येईल, त्याला देऊन टाकू."

"दुकानात तो एवढ्याशा डब्यात जगेल का रे?"

"ते त्यांचं टेन्शन."

मीही तोंड घातलं. "बाई, घरात गुंड पाळायची हौस कशाला?"

"श्रीधरराव, आपण पोस्टात होतात. पत्ता न सापडलेलं पाकीट परत पाठवायची आपल्याला सोय होती. मला नव्हती."

बाईंनी मंडईजवळून प्लास्टिकची झाकणाची जाळीदार टोपली आणली आणि निळ्याला तीत घालून ती टाकीतच अडकवली. चार दिवसांनी सोडला. तो थेट दगडांमधल्या आपल्या गुहेत गेला आणि तिथून नारंगीच्या अंगावर. शेपटी आणखी फाटली.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. "शिक्षा केली, पण बाक तोच ठेवला. परत येऊन तो तेच करणार."

निळा पुन्हा टोपलीत. या खेपेला बाईंनी पदर खोचला, दंडापर्यंत हात पाण्यात घातले आणि एकूण एक दगड हलवला. डावीकडची गुहा मोडून उजवीकडे दोन केल्या. नारंगीनं त्यातली एक धरली आणि तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन पोटभर खाल्लं. निळा जाळीतून बघत राहिला.

रविवारी दुकानदार पाण्यानं भरलेली पिशवी घेऊनच उभा राहिला. "काकू, अशा माशाची खोड जात नाही."

"बघू या," म्हणत बाईंनी टोपलीचं झाकण उघडलं.

निळा सरळ डावीकडे गेला. तिथे नुसती वाळू. तो गोल फिरला, पुन्हा तिथेच आला. समोरून नारंगी आला आणि मी श्वास रोखला. मला काय पडलं होतं? पण रोखला. निळा थबकला, बाजूनं गेला आणि उजवीकडच्या रिकाम्या गुहेत शिरला.

आमचा चहा होईपर्यंत काही घडलं नाही. मग बाईंनी चिमूटभर खाणं टाकलं. दोघेही वर आले आणि आपापलं खाऊन गेले.

"घाबरलाय हो तो," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "नव्या वर्गात पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात."

दुकानदारानं पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.