पूजेत ठेवलेलं ग्राइंडर

"मीडियन नर्व्ह पूर्ण कट झाली आहे," बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मनगटातून अंगठ्याकडे आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी नस. ती जोडू, बोटं हलतील, पण स्पर्श परत येईलच असं नाही. मी म्हटलं, बरं. बायको, सुनंदा, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला काहीच वाटत नव्हतं. हात दुसऱ्या कुणाचा असावा तसं ऐकत होतो.

जानेफळला माझं आणि गजाननचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्या दिवशी गेटचा पाइप कापत होतो. बटण सोडलं तरी ग्राइंडरचं चाक थांबलंच नाही. मशीन उसळून डाव्या मनगटावर आलं. चाकावर गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, लावलेलं होतं, हे आधीच सांगतो. पुढे ज्यानं त्यानं मला तेवढंच विचारलं, जसं काही आम्ही अक्कल विकून धंद्यात उतरलो!

ऑपरेशन झालं. हाताला स्प्लिंट, म्हणजे हात हलू नये म्हणून पट्टी बांधली. मधे दसरा आला न् गेला. मी वॉर्डात छताचा पंखा बघत पडलो होतो.

पुढे नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. हाताला तारा लावून बारीक शॉक देतात आणि नसेतून तो कुठवर पोचतो ते बघतात. बाकावर नंबराची वाट बघताना डाव्या हातात चहाचा ग्लास धरला होता. सुनंदा ओरडली, "अवो, ठेवा ना खाली!" बोटं भाजून लाल झाली होती. मला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, "आता गरम-गार डोळ्यांनी बघायचं."

बटण सदोष होतं म्हणून कंपनीवर ग्राहक आयोगात दावा लावला. मला एवढंच हवं होतं, की चूक मशीनची होती असं कुणीतरी अधिकारानं म्हणावं. गावात लोक हळूच म्हणायचे, याचंच ध्यान नसेल.

मशीनच्या तपासणीला कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं बटण दाबलं, सोडलं. चाक थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबलं. "मशीन उत्तम आहे," तो म्हणाला. माझा दावा चालवणाऱ्या वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे. त्याच्यावर हळदी-कुंकवाचा डाग होता.

शेजारी उभा असलेला गजानन पांढराफटक पडला. "म्याच बदललं बटण," तो म्हणाला. "दसऱ्याले सगळी अवजारं पूजेत मांडली. बिघडेल वस्तू पूजेत कशी ठेवाव? म्हणून धुतलं, नवं बटण टाकलं. तुह्यासाठीच हात जोडले बे."

जुनं बटण भंगारात गेलं होतं. गजाननची साक्ष झाली. पण भागीदार भागीदाराच्या बाजूनंच बोलणार, असं समोरचे म्हणाले. दावा फेटाळला गेला. संताप यायला हवा होता. आला नाही. बसस्टँडवर आलो आणि सुनंदानं दिलेलं केळ खाल्लं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ऐका. मशीन आहे तसं पोत्यात बांधून कुलपात ठेवा. पुसू नका, उघडू नका, दुरुस्त तर मुळीच करू नका. माया करणाऱ्यालाही हात लावू देऊ नका. आणि सुन्न वाटलं तर घाबरू नका, त्यातही दिवस जातात.

डॉक्टरांचे उपकार आहेत, बोटं हलतात. सुनंदा रोज तेल लावून ती चोळते.

यंदाच्या दसऱ्याला गजानन दारात आला. तपासणीच्या दिवसापासून तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता. आपट्याची पानं हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "सोनं देऊ का बे?" म्हणाला.

मी मुद्दाम डावा हात पुढे केला. पान कधी हातावर आलं ते कळलं नाही. खाली बघितलं तेव्हा दिसलं. मग बघत बघतच एकेक बोट वाकवलं आणि मूठ मिटली.