चार दिवस सांगून तीन दिवसांत

मागच्या महिन्यात गावच्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार केला. बोलणारा माझ्या नातवाच्या वयाचा होता. म्हणाला, "आप्पांनी सांगितलं त्यापेक्षा गिऱ्हाइकाला कायम जास्तच दिलं." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना तो माझा विनय वाटला. मला स्वतःचा संताप आला होता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

नांदूरघाटला माझं मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती आमच्याकडे आणायचे. जळकी तार काढायची, तांब्याची नवी भरायची, वरून व्हार्निश पाजायचं आणि वाळवायचं. हे सगळं दुकानातला मिस्त्री करायचा. मी गल्ल्यावर बसून शब्द द्यायचो. मिस्त्री माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता आणि एका बाबतीत हट्टी होता. व्हार्निश पाजलेली मोटार पुरता एक दिवस उन्हात ठेवल्याशिवाय तो कुणाला उचलू द्यायचा नाही. काम तीन दिवसांचं होतं आणि मीही तीनच दिवस सांगायचो.

मग बाजार खुला झाला. नवनव्या मोटारकंपन्यांची माणसं तालुक्यातालुक्यात फिरू लागली. एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना बीडला बोलावून जेवू घातलं, आणि टाय बांधलेल्या एका माणसानं शिकवलं की सांगताना कमी सांगा, देताना जास्त द्या. मी परत आलो तो चार दिवस सांगायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी मोटार द्यायला लागलो.

"आप्पा, चार म्हनला व्हता की!" लोक खूश व्हायचे. मी मिशीत हसायचो. वास्तविक मी त्यांचाच एक दिवस चोरून त्यांनाच भेट देत होतो.

पण लोक खुळे नसतात. वर्षभरात बाजारात बोललं जाऊ लागलं, "आप्पा चार म्हनला म्हंजी तीन समजायचं." तिसऱ्या दिवशी मोटार मिळाली तरी कुणाला त्याचं काही वाटेना. मला मात्र त्या कौतुकाची चटक लागली होती. मी तीन दिवस सांगून दोन दिवसांत द्यायला लागलो. तो एक दिवस मी उन्हातला काढला.

मिस्त्री म्हणाला, "आप्पा, वली हाय अजून."

"वरून तर वाळलीय."

"वरून तुमी बी वाळलेलेच दिसता. पोटात काय हाय ते कुनाला दिसतंय?"

मी हसलो आणि माझ्या हातानं मोटार उचलून टेम्पोत टाकली. अशा दहा-बारा मोटारी गेल्या. काही झालं नाही, म्हणून मी आणखी सोकावलो.

मग एका ऊसवाल्याची मोटार आठ दिवसांत जळाली. ऐन बाजारच्या दिवशी त्यानं ती दुकानापुढं आणून आदळली.

"आप्पा, कावून जळली ही? ऊस वाळून चाललाय माझा."

दुकानापुढं गर्दी जमली होती. मिस्त्रीनं मोटार उघडली. आतलं व्हार्निश चिकटच होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबला.

मी बोललो. म्हणालो, "मिस्त्रीचा हात आता पहिल्यासारखा न्हाई राहिला. वय झालं."

"मग ठेवलाय कशाला ह्याला?" ऊसवाला म्हणाला.

ते मी कानाआड केलं. उलट म्हणालो, मोटार फुकट भरून देतो आणि वर नवा स्टार्टर देतो. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "मानूस असावा तर आसा." एवढा हरामखोरपणा करून त्या दिवशीही मी सांगितल्यापेक्षा जास्त देणारा ठरलो.

मिस्त्रीनं ती मोटार भरली, दिवसभर उन्हात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. काम शोधत केजला गेला, गेवराईला जाऊन आला. त्याच्याआधी माझं वाक्य तिथं पोचलेलं असायचं. ज्या हाताची भरलेली मोटार पंधरा-पंधरा वर्षं चालायची, त्या हातात कुणी मोटार देईना. शेवटी तो पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत बसला.

दोनेक वर्षांनी केजच्या स्टँडवर भेटला. आवाज न चढवता म्हणाला, "आप्पा, 'मी उचलली' येवढंच म्हनायचं व्हतं तुमाला."

"सांगतो मी लोकांना," मी म्हणालो.

"कधी?"

"येत्या बाजारी."

त्यानंतर किती बाजार भरले आणि उठले. मी तोंड उघडलं नाही. पुढं मिस्त्री गेला. मी मातीला गेलो, चार माणसांत उभा राहिलो आणि तिथंही गप्प बसलो.

तर आता सांगतो. मोटार ओली होती, मिस्त्रीनं मला अडवलं होतं, मी ऐकलं नाही. त्याचा हात शेवटपर्यंत चांगला होता. खोटं मी बोललो.

त्याची मुलगी केजला असते. हे छापून आलं की तिला नेऊन देणार आहे. ती मला दारात उभं करील की नाही, ठाऊक नाही. करावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?