ट्रॉली हळू व्हती तवाच उतरले

बायांनो, आपल्या फळ्यावर लिहितीया. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, बाळाला ताप व्हता. सकाळी त्याला घेऊन खंडाळ्याच्या दवाखान्याकडं निघाले. रुळाकडंनं चालून पाय भरून आले, म्हणून रेल्वेच्या उभ्या ट्रॉलीवर टेकले. ट्रॉलीवाले पाण्याला गेलते. चाकाखालचा दगड निसटला अन् ट्रॉली उताराला लागली.

लय हळू चालली व्हती. वाटलं, आपसूक थांबंल. बाळाला कवटाळून बसून ऱ्हायले.

आपले म्हातारे इब्राहिमचाचा बाजूनं पळत आले. "पोरी, बाळ दे अन् उतर."

"थांबंल की, चाचा."

"उतारावर थांबती व्हय? आता माझ्यासारखा म्हातारा गाठतोय. त्या खांबाफुडं घोडा बी गाठणार न्हाई."

बाळ दिलं अन् उडी टाकली. गुडघा फुटला, तेवढंच.

चाचा ट्रॉली हलल्यापासून आकडं मोजत व्हते, आमी उतरल्यावर बी रिकाम्या ट्रॉलीकडं बघत मोजत ऱ्हायले. पहिल्या खांबापर्यंत वीस. तितनं दुसऱ्यापर्यंत आठ, मंग तिसऱ्यापर्यंत सहाच. खांब तर सारख्या अंतरावर. म्हणले, "किती हळू हाय ते बघू नये पोरी, किती वाढतीया ते बघावं."

बाळ आता औषध पिऊन झोपलंय. चाचांचं उपकार कसं फेडू, तुमीच सांगा.

बाळाचं दुपटं ट्रॉलीवरच गेलं. ते माझ्या भावानं, दगडूनं दिलेलं, अन् तो आज घाटाखालच्या सिग्नलच्या केबिनीत ड्युटीवर हाय. रिकाम्या ट्रॉलीवर ते दुपटं त्यानं वळखलं असंल. मला फोन लावता येत न्हाई. हा फळा जो वाचंल त्यानं स्टेशनातनं दगडूला फोन करा. सांगा, आमी दोघंबी वरच उतरलोय.