मोटार उघडणाऱ्या बाई

"त्यात काय, उघडून बघू," असं म्हणून आमच्या मुख्याध्यापिका बाई पदर कमरेला खोचायच्या. मग समोर बंद पडलेला पंखा असो, मिक्सर असो की संस्थेच्या कार्यालयातून आलेला एखादा अवघड हुकूम, त्याची आता सुटका नाही हे आम्हा शिक्षकांना कळायचं.

आमची शाळा कुपवाडच्या कारखान्यांना लागूनच. मी तिथे मराठी शिकवतो. बाई आल्या तेव्हा शाळेत व्यवसाय शिक्षणाचं मंडळ होतं, पण फक्त फलकावर. अभ्यासात मागे पडलेल्यांनी तिकडे जायचं, अशी पालकांची समजूत. त्यामुळे कुणीच जायचं नाही.

बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी सायकलींच्या शेडमध्ये सतरंजी टाकली, जवळच्या वर्कशॉपमधून मोटार जळालेले पंखे मागून आणले, तिथल्याच एका कारागिराला शिकवायला बोलावलं आणि पहिली विद्यार्थिनी म्हणून स्वतःच जाऊन बसल्या. त्या कारागिराला "सर" म्हणायच्या. तो बिचारा लाजून हातातले स्क्रू पाडायचा.

मुलं आधी गंमत बघायला जमली. बाईंनी जोडलेला पंखा उलटा फिरला आणि शेडमध्ये हशा पिकला.

"हसताय काय? या, सुलटा फिरवून दाखवा," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी सतरंजी पुरली नाही. सोमवारच्या परिपाठात बाई एखाद्याला पुढे बोलवायच्या आणि विचारायच्या, "काय चुकलं होतं ते आधी सांग." चूक सांगितल्याबद्दल टाळ्या मिळणारी आमची एकच शाळा असेल.

त्या मंडळात नववीतली एक मुलगी होती, हाताची मोठी चपळ. एका शनिवारी सोल्डरिंग करताना तिची बोटं भाजली. सोमवारी तिचे वडील थेट कार्यालयात आले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ मानेचे गृहस्थ. मुलगी दाराशी उभी. मी हजेरीपट न्यायला आलो होतो, तो तिथेच अडकलो.

"आवं बाई, पोरीला शाळंत पाठवलीया का गॅरेजात? नाव काढतो मी तिचं."

आता बाई त्यांची समजूत घालतील, असं मला वाटलं.

"भाजलं, खरं आहे," बाई म्हणाल्या. "हातमोजे आधी आणायला हवे होते. चूक माझी. ते येईपर्यंत मंडळ बंद." मग त्यांनी विचारलं, "फौजेत काय काम करत होता तुम्ही?"

"वर्कशापात हुतो. गाड्यांची इंजनं."

"कधी भाजला नाहीत?"

मग त्यांनी बाही वर सारली. कोपरापर्यंत जुना डाग होता. "लय डाव," ते हळूच म्हणाले.

"मग नाव काढायच्या आधी एका शनिवारी या. हात कसा सांभाळायचा ते मुलांना शिकवा. आमच्यात ते जाणणारं माणूस कमी पडतंय."

"आबा, या की," दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "बघू," म्हणाले आणि गेले.

हातमोजे आले, त्या शनिवारी आबाही आले, कडक इस्त्रीच्या शर्टात. मुलांना रांगेत उभं करून गरजले, "आदी लाईट बंद, मग हात!" मग जो करताना बोटं भाजली होती तोच जोड त्यांनी लेकीला पुन्हा करायला लावला. जोड पक्का बसला. आबांनी तो उजेडात धरून निरखला. लेकीला शाबासकी दिली नाही, तो जोड बाकीच्या मुलांसमोर धरून एवढंच म्हणाले, "हे बगा. आसं पायजे."

बाई तिथून उठून नळाशी गेल्या आणि उगाचच हात धूत राहिल्या.

ती मुलगी आता आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. आबा आजही शनिवारी आमच्या शेडमध्ये असतात. बाईंची मात्र शिरवळच्या शाखेत बदली झाली.

मध्यंतरी पुण्याला जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्या नव्या शाळेत गेलो. वर्गात शिडीवर एक मुलगी पंखा बसवत होती आणि बाई खाली शिडी धरून उभ्या होत्या.

"सर, बरं झालं आलात. ती बाजू धरा," बाई म्हणाल्या. चहा नाही, विचारपूस नाही. मी धरली.

शेवटचा स्क्रू काही केल्या बसेना. तो कसा बसतो ते बाईंना ठाऊक होतं, पण बसवायचा होता तो त्या मुलीनंच. ओठ घट्ट मिटून नुसत्या वर बघत राहिल्या.