माध्यमाचा रकाना

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडच्या एका गावात आमची पहिली ते पाचवीची शाळा. दोन शिक्षक, त्यात थोरली मी, म्हणून मुख्याध्यापिकाही मीच. मी रागावले की आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, असं गावातल्या बाया म्हणतात. म्हणू देत बापड्या, खोटं नाही ते.

त्या वर्षी पाचवीत एक पोरगी होती. बापाचं गोरेगावात शिलाईचं दुकान, आई घरी बसून काज-बटणं करायची. पोरगी इतकी चलाख, की मी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत हिचं उत्तर तयार. मी ओरडायचे, ‘अगं बाई, बाकीच्यांना जरा दम खाऊ दे की!’ ती तोंडावर हात ठेवून हसायची. पहिलीपासून माझ्याच हाताखाली शिकली. मराठीची कविता तर अशी म्हणायची, की मी वही तपासायची थांबून ऐकत बसायचे.

सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं देणारी एक सरकारी निवासी शाळा आहे. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना द्यायची, तीही एकदाच. हुकलं की हुकलं. जिल्हाभरातून पोरं बसतात, जागा मूठभर. बाप एकदा शाळेत येऊन म्हणाला, ‘मॅडम, हिच्या मोठ्या बहिणीची शाळा मधीच सुटली. गोरेगावच्या पुढं रोज जीपनं पाठवायला आमची हिंमत झाली न्हाई. तिथं पोरींना राहायची सोय हाय म्हणून हिची आई राजी झाली. एवढं काम होऊ द्या.’ मी म्हणाले, ‘भाई, तुमी निवांत शिलाई करा. हिला मी बघते.’

आणि बघितलंच. शाळा सुटल्यावर रोज तासभर. आरशातली आकृती, गाळलेला तुकडा, अपूर्णांक, उतारे. माझा चहा गार व्हायचा, हिचं ‘अजून एक द्या ना मॅडम’ संपायचं नाही.

अर्ज बापानं बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर भरून घेतला. त्यासोबतच्या छापील कागदावर मुख्याध्यापकाची सही लागते. तो घेऊन आला, मी सही केली, शिक्का मारला, त्यानं परत नेऊन दिला.

परीक्षेचं केंद्र सेनगावला होतं. थंडीची सकाळ, आम्ही तिघं जीपनं गेलो. तिथल्या शाळेच्या गेटवर बापानं पिशवीतून हॉल तिकीट काढलं आणि कौतुकानं माझ्या हातात दिलं. फोटो बघितला, नंबर बघितला, आणि खालची ओळ वाचली. परीक्षेचं माध्यम: उर्दू.

मी तशीच आत धावले. केंद्रप्रमुखांसमोर टेबलावर हात आपटून भांडले. ‘पोरगी मराठी शाळेतली आहे, तिला मराठीच पेपर पाहिजे!’ त्या भल्या माणसानं मला पाण्याचा ग्लास दिला. ‘मॅडम, पेपर माध्यमाप्रमाणे मोजून, सील होऊन आलेत. अर्ज दुरुस्त करायची मुदत केव्हाच गेली. माझ्या हातात असतं तर दिला असता हो.’

बाहेर आले तर बापाचा चेहरा पांढराफटक. तो स्वतःलाच समजावत होता, ‘मौलानाकडं कुराण वाचती ती. अक्षरं येतात तिला.’

‘येतात अब्बा,’ पोरगी म्हणाली, ‘पण तिथं जेर-जबरच्या, काना-मात्रेसारख्या खुणा असतात. त्या नसल्या तर मला शब्द लवकर लागत न्हाई.’

मी तिचे खांदे धरले. ‘आकृत्या आधी सोडव. त्याला भाषा लागत नाही. मग नुसत्या आकड्यांची गणितं. उतारे शेवटी. घाबरायचं नाही.’

‘मी न्हाई घाबरून राहिले, मॅडम. तुमी काहून रडता?’

दोन तासांनी ती बाहेर आली. आकृत्या सगळ्या झाल्या होत्या, काही गणितं झाली होती. उताऱ्यातले घरी बोलतात ते शब्द तिनं एकेक करून लावले, तोवर घंटा झाली. ‘राहिलेले गोळे अंदाजानंच काळे केले,’ असं म्हणून ती जीपमध्ये बापाला टेकून झोपली.

त्या दुपारी मी सरळ ऑनलाइन सेंटरवर गेले. म्हटलं, आज याची खैर नाही. ‘काय रे भाऊ, मराठी शाळेचं नाव तूच टाइप केलंस ना? मग उर्दू कुठून आलं?’

तो बिचारा गडबडून उभाच राहिला. ‘मॅडम, नाव पाहिलं अन् वाटलं, यांना उर्दूच सोपं जाईल. भल्यासाठीच टाकलं हो.’

‘भल्यासाठी? नाव बघून माध्यम ठरवतोस व्हय रे? विचारायला तोंड दुखत होतं का तुझं?’ बाजारातली माणसं गोळा झाली. मला आणखी चेव आला. आणि तसं ओरडता ओरडताच मला सहीचा दिवस आठवला.

मी न वाचता सही करणारी बाई नाही. त्या कागदावरच्या प्रत्येक ओळीवर मी बोट फिरवलं होतं. माध्यमाच्या रकान्यातही बोट गेलं होतं. ‘उर्दू’ हे मी वाचलं होतं, आणि बोट पुढं सरकलं होतं. मला त्यात काही खटकलंच नव्हतं. ओरडणं अर्धंच सोडलं. मी कुणाकडं न बघता बाहेर पडले.

निकालाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. बाप शाळेत आला, तो मलाच धीर द्यायला. ‘तुमाला किती कागदं असतात मॅडम. नजर चुकली असंल. तकलीफ करून घेऊ नका.’

‘हो, चुकलीच,’ मी म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई मी, पण खरं काही तोंडून निघेना. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जूनमध्ये ती दाखला न्यायला आली. बाप गेटबाहेर गाडीवर थांबला होता. गोरेगावच्या शाळेत तिचं नाव घालायचं ठरलं होतं. मी दाखला लिहीत होते आणि ती टेबलाशी उभी होती. ‘मॅडम, फॉर्मवर उर्दू लिहिलेलं कुणालाच कसं दिसलं न्हाई?’

पेन खाली ठेवला. आता हिच्याशीही खोटं बोलले, तर उद्या कोणत्या तोंडानं वर्गात उभी राहू?

‘मला दिसलं होतं गं,’ मी म्हणाले. ‘मी वाचलं होतं. वर तुझं नाव होतं, खाली उर्दू होतं. मला ते बराबर वाटलं.’

रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, वर्गात एखादं गणित अडलं की बघायची तशी.

‘पण मॅडम, मी तर तुमच्याच वर्गात बसत होते ना?’

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘पाच वर्षं.’