पेनवाल्या वकिलांची कंबर

त्या सकाळी वकीलसाहेबांना स्वतःचा मोजा स्वतःला घालता आला नाही. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी तो कसाबसा अंगठ्यापर्यंत नेला, आणि तिथं कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी बायकोनं खाली बसून मोजा चढवला.

"लोकांच्या कंबरा खोट्या ठरवून ठरवून तुमची खरी झाली बघा," ती म्हणाली.

"पट्टा दे. टोमणे संध्याकाळी मार."

"पट्टा कोटाखालून दिसतो म्हणून काल तुम्हीच भिरकावलात. आता शोधा."

एकतीस वर्षं साहेब विमा कंपनीच्या बाजूनं उभे राहत होते. कुणी दुकानात घसरायचं, कुणाच्या पाठीत फळी पडायची, कुणी जिन्यावरून गडगडायचं. मग तो माणूस भरपाई मागायचा, आणि ती का देऊ नये हे सांगायला साहेब उठायचे. अशा माणसानं न्यायालयात कंबर धरून वावरायचं म्हणजे दारूबंदीच्या व्याख्यात्यानं झिंगत मंचावर यावं तसं. म्हणून पट्टा नाही, काठी नाही. ताठ मान, ताठ पाठ, आणि आत ठणका.

न्यायालयात त्यांना 'पेनवाले' म्हणत. त्याचं असं झालं, की फार वर्षांपूर्वी एका हमालाची उलटतपासणी चालू असताना साहेबांच्या हातून पेन निसटलं. 'मला वाकताच येत नाही' म्हणणाऱ्या त्या हमालानं ते चटकन उचलून दिलं. साहेबांनी पेन घेतलं, एक लांब श्वास जाऊ दिला (ही थांबण्याची कला त्यांना कुणी शिकवली नव्हती, अंगातच होती), आणि मऊ आवाजात विचारलं, "आत्ता आपण वाकलात, नाही का?" दावा तिथंच आडवा झाला. तेव्हापासून साहेबांचं पेन वरचेवर पडू लागलं. जाड, निळं, पडल्यावर ठण्ण वाजणारं.

दोन वर्षांनी तोच हमाल त्यांना एका इस्पितळाच्या पायऱ्यांवर भेटला. मणक्याची शस्त्रक्रिया झालेली, दोन्ही काखांत कुबड्या. त्यानं साहेबांना ओळखलं आणि एक कुबडी भिंतीला टेकवून नमस्कार केला. शिवी दिली असती तर साहेब विसरून गेले असते. नमस्कार मात्र छातीत अडकून बसला. त्यानंतर पेन कमी वेळा पडू लागलं, पण पडत राहिलं. पोट आणि सवय, दोन्ही चिवट.

आज समोर होती इस्पितळातली एक आया. पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना उचलायचं, कूस बदलून द्यायची, हे तिचं आयुष्यभराचं काम. एका मोठ्या दुकानाच्या ओल्या फरशीवर ती पडली आणि आता तिला उशीसुद्धा उचलवत नव्हती. नोकरी गेली होती. भरपाई मिळाली तर घर चालणार, नाहीतर भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं. दुकानाचं म्हणणं, बाई सोंग करतेय.

पाठीमुळे तिला बसायला खुर्ची दिली होती. साहेबांनी तास-दीड तास प्रश्न विचारले. चपला कसल्या होत्या, हातात पिशवी होती का, फरशी ओली आहे ही पाटी दिसली नाही का. पाटी कपाटात होती, हे साहेबांनाही ठाऊक होतं. बाई थोडक्यात, खरं वाटेल असं बोलत होती. कागद उलटता उलटता साहेबांची कंबर चमकली, बोटं सैल झाली आणि पेन पडलं.

आज ते खरोखर पडलं होतं. पण हे कुणाला सांगणार?

पेन घरंगळत बाईच्या पायापाशी गेलं. तिचा वकील मोठ्यानं खोकला. त्यानं तिला आठवडाभर पढवलं असणार, 'पेन पडेल, हलायचं नाही.' बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाला धरून उभे होते. वाकायचा त्यांनी अर्धा प्रयत्न केला आणि तिथंच थिजले. न्यायाधीश खाली मान घालून मागचं उत्तर लिहून घेत होते.

बाई वाकली. एक हात खुर्चीच्या दांडीवर, ओठ दातांत धरलेला, कपाळावर घाम. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. पेन त्यांच्या हातात ठेवताना ती फक्त त्यांना ऐकू जाईल एवढंच बोलली, "खालचाच मणका ना? बसताना पाहिलं मघाशी."

साहेब थांबले. एकतीस वर्षांत एवढे कधी थांबले नव्हते. तो प्रश्न जिभेवर तयार होता, घासून गुळगुळीत झालेला.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि फार जपून खाली बसले.

बाहेर त्यांचा कारकून, त्यांच्याच वयाचा, फायली सांभाळत मागून आला. "साहेब, ताटात वाढलेलं होतं. नुसता घास तोंडात घालायचा."

"दात दुखतात माझे."

"कंबर दुखते तुमची. मला काय आंधळा समजता?"

दुपारी कंपनीच्या अधिकाऱ्याचा फोन आला. साहेब म्हणाले, "तडजोड करा. न्यायाधीश त्या बाईवर विश्वास ठेवतील."

"पेन नाही टाकलंत?"

"पडलं."

"आणि?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. पण अशिलाशी खोटं बोलायचं नाही, एवढा एक नियम त्यांनी आजवर पाळला होता. "उचललं तिनं," साहेब म्हणाले.

"अहो, मग विचारायचं ना."

"विचारलं असतं तर तिनं खरं उत्तर दिलं असतं. 'तुम्हाला वाकता येत नव्हतं, म्हणून मी वाकले.' भर न्यायालयात. त्यानंतर तुमची बाजू कोण ऐकणार होतं?"

मग अधिकारी म्हणाला, "ठीक आहे, तडजोड करू. पण साहेब, पुढची प्रकरणं दुसऱ्या कुणाला देतो. तुम्ही दमलात."

"दमलोय खरा," साहेब म्हणाले. न विचारण्याचं ते कारण आधी सुचलं होतं की प्रश्न गिळल्यावर, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

महिन्याभरानं तडजोडीच्या कागदांवर सह्या झाल्या. साहेब त्या दिवशी कोटावरून दिसेल असा पट्टा बांधून आले होते. बाईनं पाठ सरळ ठेवून, कागद उंच धरायला लावून सही केली. सहीला पेन त्यांचंच, निळं. टोपण लावून तिनं ते परत केलं. नुसतं पुढे केलं नाही, त्यांच्या तळव्यावर ठेवून वरून त्यांची बोटं मिटवली, रुग्णाच्या हातात गोळी द्यावी तशी.

"नीट धरा, दादा," ती म्हणाली. "आता पडलं, तर दोघांतलं कुणी उचलायचं नाही."